ऑफिसात चालतं, बागेत का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटासाठी अँड्रॉइड ॲप केलंय. फवारणीच्या नोंदी, छाटणीपासूनचे दिवस, प्लॉटनिहाय खर्च आणि गेलेला माल, एवढंच त्यात आहे. ॲप कोटलिन भाषेत, सर्व्हर नोडचा (म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला), डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणि महिन्याचे अहवाल पायथॉनच्या स्क्रिप्टने निघतात. नाशिकच्या ऑफिसातल्या चारही फोनवर सगळं व्यवस्थित. शेतावर मात्र तीन तक्रारी आहेत. काही फोनवरून नोंद जातच नाही, तर काहींवर तारीख एक दिवस मागे पडते. एकच फवारणी दोन-तीनदा दिसते. आणि एकरी खर्च, एकूण वजन गटाच्या एक्सेलशी जुळत नाही. ‘तीन आठवडे कोड वाचतोय, चूक सापडत नाही. कुठून सुरुवात करू?’

कोडची फाइल आधी बंद करा. अठरा वर्षं हेच काम करतोय. सुरुवात सातपूरच्या एका कारखान्यातल्या स्टोअरच्या सॉफ्टवेअरपासून झाली. तेव्हापासून माझा अनुभव असा, की अशा चुका बहुतेक वेळा दारात घडतात. माणसाच्या तोंडचा आकडा फोनमध्ये शिरतो ते एक दार, फोनमधून सर्व्हरकडे जातो ते दुसरं, टेबलातून एक्सेलमध्ये उतरतो ते तिसरं. दाराच्या अलीकडचा कोड बरोबर असतो, पलीकडचाही बरोबर असतो, फक्त दोघांनी एकाच आकड्याचा वेगवेगळा अर्थ लावलेला असतो. म्हणून कोड वाचून ते दिसत नाही. प्रत्येक दारात उभं राहून कच्चा डेटा डोळ्यांनी बघावा लागतो.

पहिली तक्रार घ्या. ज्या फोनवरून नोंद जात नाही, त्यांतला एक फोन हातात घ्या आणि सेटिंगमध्ये जाऊन भाषा कोणती आहे ते बघा. मी पैज लावायला तयार आहे की मराठी निघेल. आणि तुमच्या ऑफिसातले चारही फोन इंग्रजीत असतील, आपल्या सगळ्यांचे असतात.

यामागचं कारण मजेशीर आहे. कोटलिन किंवा जावामध्ये तारीख, वेळ किंवा दोन दशांशांचा आकडा तयार करायला आपण फॉरमॅटचं फंक्शन वापरतो. भाषा सांगितली नाही, तर ते फोनची भाषा धरतं. मराठी भाषेचे मूळ आकडे युनिकोडच्या नोंदीप्रमाणे देवनागरी आहेत, म्हणून ते इमानदारीत ‘२०२४-१०-०५’ असं देवनागरीत लिहून देतं. स्क्रीनवर ते सुंदर दिसतं. पण तीच स्ट्रिंग तशीच सर्व्हरला गेली की नोडला ती तारीख वाटतच नाही. जावास्क्रिप्ट देवनागरी आकडे संख्या म्हणून ओळखत नाही. तुमच्या सर्व्हरवर तपासणी असेल तर नोंद नाकारली जाते, नसेल तर स्ट्रिंग जशीच्या तशी टेबलात जाऊन बसते.

गंमत पुढे आहे. पायथॉनचा पूर्णांक करणारा ‘इंट’ देवनागरी आकडे गुपचूप मान्य करतो. म्हणजे तुमची अहवालाची स्क्रिप्ट हाच डेटा विनातक्रार वाचेल आणि तुम्हाला वाटेल की डेटा ठीक आहे, दोष नोडचा आहे. फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसला हा मजकूर संख्या म्हणून वाचायला सांगितला तर तो निमूटपणे शून्य देतो. एकच आकडा, तीन दारं, तीन उत्तरं. शिवाय तारखेचा कॉलम व्हारकॅर, म्हणजे साध्या मजकुराचा असेल आणि क्रम नुसत्या युनिकोड क्रमांकाने लागत असेल, तर देवनागरीत लिहिलेली तारीख कायम सगळ्यात नवी ठरते, कारण युनिकोडच्या यादीत आपले आकडे इंग्रजी आकड्यांच्या खूप पुढे बसवलेत. ‘ताज्या नोंदी’च्या यादीत दोन वर्षांपूर्वीची एखादी फवारणी वर चिकटून बसली असेल तर तिच्याकडे संशयाने बघा.

तपासायचं कसं? मायएसक्यूएलमध्ये एका अक्षरसंख्या मोजणाऱ्या फंक्शनचं आणि एका बाइट मोजणाऱ्या फंक्शनचं उत्तर शेजारी शेजारी काढा. इंग्रजी आकड्यांच्या तारखेत दहा अक्षरं आणि दहाच बाइट असतात. देवनागरी आकडा यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचा असतो, म्हणून आठ आकड्यांचे २४ आणि दोन आडव्या रेघा मिळून २६ बाइट येतात. ज्या ओळींत १० च्या ऐवजी २६ दिसेल त्या सगळ्या मराठी फोनवरून आलेल्या. एका क्वेरीत तुम्हाला कळेल की नेमके कोणते शेतकरी अडकलेत.

उपाय छोटा आहे. यंत्राने वाचायच्या प्रत्येक फॉरमॅटला ‘लोकेल रूट’, म्हणजे कुठल्याच भाषेला न बांधलेली मांडणी, स्पष्टपणे द्या. माणसाने वाचायच्या ठिकाणी फोनची भाषा राहू द्या. दोन्हीकडे एकच फंक्शन वापरू नका. तसंच उलट्या दिशेने, शेतकऱ्याने मराठी कीबोर्डवरून ‘२५०’ टाइप केलं तर ते नाकारू नका. फोनमध्येच त्याचा पूर्णांक करा आणि सर्व्हरला संख्या पाठवा, मजकूर नको. बागायतदारांसाठी ॲप करायचं आणि फोन मराठीत ठेवला म्हणून त्याचीच नोंद नाकारायची, हे मला तरी लाजिरवाणं वाटतं. मी स्वतः हे केलंय, म्हणून सांगतोय.

आता तारीख एक दिवस मागे जाण्याचं. हे भाषेचं नाही, साडेपाच तासांचं आहे. भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. द्राक्षबागेत ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, अनेकदा पहाटे निघतो. पहाटे पाचला औषध मारून तिथेच नोंद केली, तर यूटीसीप्रमाणे अजून आदल्या रात्रीचे साडेअकराच वाजलेत. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल आणि तुम्ही अहवालात वेळेतून नुसती तारीख काढत असाल, तर साडेपाचच्या आधीची प्रत्येक फवारणी कालची होते. तुम्ही ऑफिसात बसून सकाळी अकराला चाचणी करता, म्हणून तुम्हाला हे कधीच दिसणार नाही.

सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर असेल तर त्याच चुकीचं दुसरं रूप दिसतं, आणि ते छाटणीच्या तारखेला छळतं. मायएसक्यूएलमध्ये कॉलम नुसत्या तारखेचा असला तरी नोडचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा भाग) त्याची ‘त्या दिवशी मध्यरात्री बारा’ अशी वेळ बनवतो. फोनला पाठवायला तिचा जेसन मजकूर करताना ती यूटीसीत बदलते आणि ५ ऑक्टोबरची मध्यरात्र ४ ऑक्टोबरची संध्याकाळ, साडेसहा, होऊन जाते. फोन पहिली दहा अक्षरं उचलतो आणि छाटणी एक दिवस आधी झालेली दिसते. ड्रायव्हरमध्ये ‘डेट स्ट्रिंग्ज’ नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की तारीख मजकूर म्हणूनच येते आणि प्रश्न संपतो.

यातला मूळ भेद मनात पक्का करा. छाटणीची तारीख हा कॅलेंडरवरचा दिवस आहे, त्याला वेळ नाही आणि देशही नाही. तो वर्ष-महिना-दिवस असाच ठेवा, वेळेत कधी बदलू नका. फवारणी हा क्षण आहे. तो यूटीसीत ठेवा आणि दिवस काढायचा असेल तेव्हा कोलकात्याचा टाइमझोन (भारतीय वेळेचं संगणकातलं नाव) लावून मगच काढा. निर्यातीच्या बागेत शेवटची फवारणी आणि काढणी यांतले दिवस, ज्याला सगळे पीएचआय म्हणतात, मोजून पाळावे लागतात. तिथे एक दिवसाचा फरक हा दिसण्यापुरता दोष राहत नाही. शक्य असेल तर फोनची वेळ आणि सर्व्हरला पोचल्याची वेळ अशा दोन्ही ठेवा. काही जण फोनची तारीख हाताने बदलून ठेवतात, कारण त्यांचं त्यांना माहीत.

दुसरी तक्रार, एकच फवारणी दोन-तीनदा. इथे तुम्ही बहुधा बटणावर दोनदा बोट पडण्याचा बंदोबस्त केला असेल आणि तरी थांबत नसेल. कारण खरं दुहेरीपण बोटाने होत नाही, रेंजने होतं. मोहाडीच्या पुढे एखाद्या प्लॉटच्या कडेला उभं राहून बघा. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने ती लिहून घेतली, ‘मिळाली’ असा निरोप परत निघाला आणि वाटेत रेंज गेली. नोंद पाठवायला ओके-एचटीटीपी ही लायब्ररी वापरत असाल तर तो मुळात दहा सेकंद वाट बघून हात वर करतो. ॲप म्हणतं, गेली नाही. शेतकरी पुन्हा दाबतो. किंवा तुमचाच पुन्हा पाठवायचा कोड इमानाने पुन्हा पाठवतो. सर्व्हरच्या दृष्टीने ही नवी नोंद आहे.

यावर उपाय एकच: प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळख क्रमांक, द्यायचा. पण तो कधी द्यायचा, यात अनेक जण घसरतात. बटण दाबल्यावर दिला तर दुसऱ्यांदा दाबल्यावर दुसरा तयार होतो आणि सगळं मुसळ केरात. फॉर्म उघडला त्या क्षणी तो तयार करा, नोंदीबरोबर फोनच्या डेटाबेसमध्ये ठेवा, आणि नोंद कितीदाही गेली तरी तोच जाऊ द्या.

सर्व्हरवर या कॉलमला युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा शिरणार नाही. ‘आधी शोधा, नसेल तर टाका’ असं कोडमध्ये लिहून भागत नाही, कारण दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर दोघीही शोधतात, दोघींनाही सापडत नाही आणि दोघीही टाकतात. पहारा डेटाबेसनेच द्यायला हवा. आणि आलेली नोंद आधीच असेल तर फोनला चूक कळवू नका. ‘मिळाली’ असंच सांगा आणि तीच नोंद परत द्या. मी एकदा इथे चूक परत पाठवली होती. फोनने ती न पोचलेली धरली आणि एका गृहस्थांच्या फोनने रात्रभर एकच नोंद काही हजार वेळा सर्व्हरवर आपटली.

आधीच झालेल्या दुहेरी नोंदी साफ करताना हात सांभाळा. तोच शेतकरी, तोच प्लॉट, तेच औषध, तोच दिवस, म्हणून दुसरी ओळ उडवायची, असं करू नका. पावसाळी हवेत डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने एकाच दिवशी दोनदा मारणारेही आहेत, औषध मारल्यावर तासाभरात पाऊस आला म्हणून पुन्हा मारणारेही आहेत. सगळे रकाने तंतोतंत सारखे आणि वेळेत पाच-दहा मिनिटांचाच फरक असेल तरच संशयित धरा, आणि संशयित ओळीही काढून न टाकता ‘बाद’ अशी खूण करून ठेवा. उरलेल्यांबद्दल शेतकऱ्याला फोन करा. त्याच्याकडे डायरी असते.

डायरीवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी मी असंच एक नोंदींचं ॲप केलं होतं. एका अपडेटमध्ये फोनमधल्या टेबलाला एक कॉलम वाढवला. फोनमधला डेटाबेस सांभाळणाऱ्या रूम लायब्ररीत जुन्या टेबलावरून नव्यावर जायची वाट लिहावी लागते, ज्याला मायग्रेशन म्हणतात. ती न लिहिता एक ओळ टाकली की रूम जुनं टेबल पाडून नवं बांधते. सुरुवातीला चाचणीच्या दिवसांत सोयीसाठी मी ती टाकली होती आणि काढायची राहिली. ऑफिसातल्या फोनवर सगळा डेटा सर्व्हरवरून परत भरला गेला, म्हणून काही जाणवलं नाही. पण ज्यांच्या नोंदी अजून गेल्याच नव्हत्या, त्यांच्या फोनमध्ये त्या कायमच्या गेल्या. निफाडकडच्या एका काकांकडे मी माफी मागायला गेलो. त्यांनी ओट्यावर दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. एक फोन, आमचं ॲप उघडलेलं, ‘नोंदी नाहीत’ असं म्हणणारं. दुसरी लाल पुठ्ठ्याची डायरी, पानांवर औषधाचे डाग, प्रत्येक ओळीत तारीख, औषध, लिटर, ब्लोअरवाल्याचं नाव. म्हणाले, ‘यात सगळं आहे बघा. तुमच्यात काय आहे?’ चहा दिला, रागावले नाहीत. त्यानंतर मी ती ओळ कुठल्याही प्रोजेक्टमध्ये ठेवली नाही, आणि ज्या नोंदी अजून गेल्या नाहीत त्यांचा आकडा पहिल्या स्क्रीनवर ठळक दाखवायला लागलो: ‘३ नोंदी पाठवायच्या बाकी’.

हा आकडा दाखवणं तुम्हीही करा, कारण पार्श्वभूमीत नोंदी आपोआप जातील याचा भरवसा धरता येत नाही. अँड्रॉइड ६ पासून स्वस्थ पडलेला फोन ॲपची कामं पुढे ढकलतो. पार्श्वभूमीतली कामं चालवणाऱ्या वर्कमॅनेजरचं ठरावीक काळाने होणारं काम १५ मिनिटांच्या आत होतच नाही. स्वस्त फोनमधल्या बॅटरी वाचवणाऱ्या सोयी त्याहून कडक असतात. बाकीचा आकडा दिसला की शेतकरी स्वतःच गावात रेंजमध्ये आल्यावर ॲप उघडतो. माणसावर थोडं सोपवायला हरकत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात चवीची, आणि ती ॲपची कमी, आपल्या हिशेबाच्या रीतीची जास्त आहे. एकरी खर्च का जुळत नाही? तुमच्या टेबलात क्षेत्राचा कॉलम उघडा. तिथे १.३०, २.१०, ०.२० असे आकडे दिसतील. तुमच्या कोडने १.३० म्हणजे एक पूर्णांक तीन दशांश एकर धरलं. शेतकऱ्याने लिहिलं एक एकर तीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे हे झालं १.७५ एकर. खर्च १.३० ने भागला तर एकरी आकडा ३५ टक्क्यांच्या आसपास फुगतो. २.१० चं खरं क्षेत्र सव्वादोन एकर, तिथे फरक सातेक टक्क्यांचा, म्हणून तो नजरेतून सुटतो. काहींचं जुळतं, काहींचं थोडं चुकतं, काहींचं भलतंच चुकतं, अशा चुकीला कोडमध्ये शोधून काय सापडणार?

त्यात एक्सेल भर घालतं. १.३० चं ते १.३ करतं, शेवटचं शून्य खाऊन टाकतं. आता हे तीस गुंठे होते की तीन, हे त्या आकड्यावरून कोणीच सांगू शकत नाही. सातबाऱ्यावर तर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, आणि एका हेक्टरचे शंभर आर असल्याने तिथे मात्र दशांश बरोबर बसतो. म्हणजे एकाच रकान्यात काहींनी सातबारा बघून हेक्टर लिहिलंय, काहींनी तोंडपाठ एकर-गुंठे, आणि एखाद्या शिकलेल्या मुलाने खरंच दशांशातले एकर. माझं मत असं की हा जुना कॉलम स्क्रिप्टने दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. क्षेत्रासाठी एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने करा, गुंठ्यांत ० ते ३९ च घ्या, टेबलात एकूण गुंठे पूर्णांकात ठेवा, आणि सगळ्यांकडून एकदा नव्याने भरून घ्या. दोनशे शेतकरी असतील तर दोन दिवसांचं फोनचं काम आहे. स्क्रिप्ट लिहायलाही तेवढेच दिवस जातील आणि तरी शंका राहील.

एक्सेलने केलेला दुसरा उद्योगही तपासून घ्या. गट नंबर १२/१ असेल तर सीएसव्ही फाइलवर नुसतं दोनदा टिचकी मारून उघडल्यावर त्याचा १२ जानेवारी होतो. ५/२ चा ५ फेब्रुवारी. कोणी ती फाइल जतन केली की मूळ गट नंबर गेला. नावं मराठीत असतील तर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात, कारण फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. फाइलच्या सुरुवातीला बीओएम या खुणेचे तीन बाइट टाका आणि गटाच्या कारकुनाला फाइल दोनदा टिचकी मारून न उघडता डेटाच्या मेनूतून आणायला शिकवा, गट नंबरचा कॉलम ‘टेक्स्ट’ ठरवून. कारकुनाला हे शिकवायला अर्धा तास लागतो. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला तो सगळ्यात फायद्याचा अर्धा तास असतो.

आता वजनाचं. एकूण वजन दुप्पट-तिप्पट येत असेल तर तुमची क्वेरी मला न बघताही साधारण सांगता येईल. शेतकऱ्याचं टेबल, त्याला जोडलेलं मालाचं टेबल आणि त्यालाच जोडलेलं पैशांचं टेबल, तिन्ही एका जॉइनमध्ये (टेबलं जोडणाऱ्या क्वेरीत), आणि वर बेरीज. समजा एकाने तीन खेपा दिल्या, १०, १२ आणि ८ क्विंटल. बेरीज ३०. त्याला पैसे दोन हप्त्यांत मिळाले. जॉइन केल्यावर प्रत्येक खेप प्रत्येक हप्त्याशी जोडली जाते, सहा ओळी होतात, वजन ६० येतं आणि पैसे तिप्पट. ज्याला एकाच हप्त्यात पैसे मिळाले त्याचं वजन बरोबर येतं, म्हणून नमुन्याला एक शेतकरी घेऊन तपासलं तर क्वेरी निर्दोष वाटते. मग कोणीतरी सारखे आकडे एकदाच धरणारं ‘डिस्टिंक्ट’ लावून बेरीज करतं. ते आणखी वाईट, कारण दोन खेपा नेमक्या सारख्या वजनाच्या असतील तर एक गळून जाते. मालाची बेरीज शेतकरीनिहाय वेगळी काढा, पैशांची वेगळी काढा, आणि तयार बेरजा जोडा.

एककं एकदा नजरेखालून घाला. आपल्याकडे कांदा क्विंटलवर जातो, द्राक्ष किलोवर, टोमॅटो २० किलोच्या क्रेटवर. गटाने पुढे दुसरं पीक घेतलं की हे अंगावर येतंच. टेबलात सगळं किलोत ठेवा. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात. फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश आकड्यांत, एक दशांश आणि दोन दशांश मिळून तीन दशांशाच्या किंचित वर जातं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पतसंस्थेच्या किंवा गटाच्या हिशेबात शेवटी एक पैसा का उरतो म्हणून रात्र जागवणारे मी पाहिलेत.

सरासरीबद्दल एकच. भाव नोंदवलेला नसणं आणि भाव शून्य असणं यांत गल्लत नको. चार दिवसांत २०००, १८००, लिलाव बंद, २२०० असं असेल तर सरासरी २००० आहे. बंदच्या दिवशी शून्य लिहिलंत तर ती १५०० होते. मायएसक्यूएल नलला, म्हणजे रिकाम्या जागेला, सरासरीतून आपोआप वगळतं, शून्याला नाही. पायथॉनच्या स्क्रिप्टमध्ये ‘रिकाम्या जागी शून्य भरा’ अशी एखादी ओळ सापडली तर ती कोणी आणि का लिहिली ते विचारा.

मराठी नावं शोधताना सापडत नसतील तर तेही याच वळणाचं आहे. ‘शेतकऱ्या’ या शब्दातलं अर्धं र दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: काही कीबोर्ड वेगळा ‘ऱ’ आणि हलन्त टाकतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडणारं अक्षर. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणित रूप दिल्याने इथे भागत नाही, कारण ते या दोघांना एक मानत नाही. शोधायच्या आधी एकाचं दुसऱ्यात बदल करणारी ओळ स्वतः लिहावी लागते. गावांसाठी तर नावावर विसंबूच नका. पिंपळगाव एकट्या आपल्या जिल्ह्यात किती आहेत मोजा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो ठेवा आणि नाव फक्त दाखवायला वापरा.

उरलेलं भराभर सांगतो. ॲप डीबगमध्ये (तुमच्या चाचणीच्या रूपात) चालतं आणि प्ले स्टोअरवरून घेतल्यावर काही रकाने रिकामे येतात, असं झालं तर आरएट हे साधन कोड लहान करताना रकान्यांची नावं बदलतो आणि जेसनशी जुळत नाहीत. प्रत्येक रकान्याला नाव स्पष्ट लिहून द्या. पानावरच्या डागाचा फोटो काढताना ॲप पडत असेल तर ४००० बाय ३००० चा फोटो उघडल्यावर मेमरीत ४८ एमबीच्या आसपास जागा खातो, फाइल चार एमबीची असली तरी. उघडतानाच लहान करून घ्या. यादी अडखळत असेल तर डेटाबेसचं काम स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर चाललंय का बघा. तिथे पाच सेकंद अडकलं की अँड्रॉइड ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ असं लोकांसमोर जाहीर करतं. साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलूप नसलेल्या जोडणीवर, सर्व्हर असेल तर अँड्रॉइड ९ पासून तो मुळातच अडवला जातो, आणि अडवायलाच हवा. शेतकऱ्यांना मराठीत एसएमएस पाठवत असाल तर एका संदेशात ७० अक्षरंच बसतात, इंग्रजीत १६०. बिल दुप्पट का आलं म्हणून गटाच्या बैठकीत उत्तर द्यायची वेळ येण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

क्रम असा लावा. उद्या सकाळी बाइट मोजायची क्वेरी, त्याला दहा मिनिटं. मग तारखेचा ड्रायव्हर. यूयूआयडी आणि युनिक इंडेक्स एकाच अपडेटमध्ये द्या, जुन्या ॲपमधून यूयूआयडीशिवाय येणाऱ्या नोंदीही काही महिने स्वीकारत राहा. फोनच्या टेबलात कॉलम वाढतोय, तेव्हा मायग्रेशन लिहा आणि ते तपासायला न पाठवलेल्या दोन-तीन नोंदी असलेला जुना फोन वापरा, नवा नको. आणि अपडेट गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी होणाऱ्या छाटणीच्या, आत सोडा. एकदा छाटणी सुरू झाली की पुढचे चार महिने बागेतलं कोणी ॲप अपडेट करायला थांबणार नाही.